तिसरा महिना सरताना

बायको जाऊन दहा महिने झाले. ती असती तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती, कारण ह्यातलं मला काही कळत नाही आणि तिला सगळं कळत होतं. बाईला दिवस गेले की कुठल्या महिन्यात काय होतं, कशाला घाबरायचं, कशाला नाही, हे बायका आपसात बोलतात. आपण पुरुष बाहेर बसतो आणि आतून हाक आली की रिक्षा आणतो. मी सत्तरीपर्यंत रिक्षाच आणत आलो.

आमचं घर बदलापूरला, सोनिवलीच्या अंगाला, नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर. पोरानं घेतलं. त्याआधी आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहायचो, एका खोलीत. गल्लीच्या टोकाला जीन्सचा कारखाना होता, तिथे मी कटिंगला. पस्तीस वर्षं कापड कापलं. शाळा चौथीपर्यंत. माप दोनदा घ्यायचं, कात्री एकदाच चालवायची, एवढं एक शहाणपण माझ्याकडे आहे. ते मी फक्त कापडाला वापरलं, तोंडाला कधी नाही.

घरात आता आम्ही तिघं. पोरगा, सून आणि मी. पोरगा केमिकलच्या कंपनीत. सून अंबरनाथला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे लग्न झाल्यावर माझ्या बायकोलाच ती आई म्हणायची, आणि तोंडदेखलं नाही, खरंच म्हणायची. बायको गेली तेव्हा पोरीला दुसऱ्यांदा आई गेल्यासारखं झालं. हे मला तेव्हा सुचलं नाही. मी माझंच घेऊन बसलो होतो.

स्वयंपाक मी करतो. शेवटच्या वर्षात बायकोच्या किडन्या गेल्या, उभं राहवेना, तेव्हा ती खुर्चीवर बसून सांगायची आणि मी करायचो. मीठ किती म्हणून विचारलं तर म्हणायची, तुमच्या बोलण्यात असतं त्याच्या निम्मं. तसाच शिकलो. तर एका सकाळी मी डाळीला लसणाची फोडणी दिली आणि सून हातातला कंगवा टाकून बाथरूमकडे पळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पोरगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला, माझ्याकडे न बघता कॅलेंडरकडे बघून म्हणाला की असं असं आहे, पण तीन महिने होईपर्यंत कुणाला बोलू नका.

मी म्हणालो, आपण विहारात जाणारी माणसं, नजर लागेल म्हणून लपवायचं हे आपल्यात नसतं. तो म्हणाला, नजरेचं नाही बाबा, डॉक्टरच म्हणाल्या की पहिले तीन महिने जपायचे असतात. मग मी गप्प बसलो. का बसलो ते पुढे येईल.

त्या दिवसापासून घरात फोडणी बंद. लसूण बंद, हिंग बंद. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, भाकरी आणि दही. पोरीला चंदनाच्या साबणाचा वास सहन होईना, म्हणून मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गॅलरीत ठेवला. दिवस मावळला की ती झोपायची, सुट्टीच्या दिवशी दुपारीही झोपायची. जेवण जायचं नाही. सकाळी उठल्या उठल्या तोंडात काही कोरडं टाकलं तर बरं वाटतं, असं बायको कधी तरी शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं. म्हणून मी तिच्या खोलीबाहेर स्टुलावर दोन टोस्ट ठेवायला लागलो. डिश रिकामी व्हायची.

सासरा आणि सून ह्या विषयावर काय बोलणार? सकाळी ती बाथरूममध्ये गेली की नळ पूर्ण सोडायची, मला उलटीचा आवाज जाऊ नये म्हणून. नळाचा आवाज आला की मला कळायचं. सव्वासहाला नळ, की समजायचं पोरगी जागी आहे आणि आत सगळं चालू आहे. मला त्या आवाजाची सवय झाली.

अडीच महिने होत आले तेव्हा कंपनीनं पोराला तीन आठवडे गुजरातच्या प्लँटवर पाठवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. जाताना मला म्हणाला, बाबा, लक्ष द्या. मी म्हणालो, लक्ष म्हणजे काय द्यायचं ते सांग. त्यालाही सांगता आलं नाही.

तिच्या मोबाईलमध्ये काहीतरी आहे, त्यात दर आठवड्याला येतं की मूल आता केवढं झालं. एकदा जेवताना ती आपणहून म्हणाली, "बाबा, आता लिंबाएवढं झालंय म्हणे. बोटं सुटी झाली. नखं येतायत." बोलून लाजली आणि ताटात बघायला लागली. माझ्या ताटात चिरलेलं लिंबू होतं. ते मी काही पिळलं नाही.

आणि त्याच आठवड्यात, सोमवार असेल, सव्वासहाला नळ आलाच नाही.

मला वाटलं झोपली असेल. थोड्या वेळानं ती बाहेर आली, तोंड धुतलेलं, चेहरा बरा, टोस्ट उभ्या उभ्याच खाल्ले आणि आणखी आहेत का विचारलं. मंगळवारी नळ नाही. बुधवारी नाही. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. मी मात्र नळाकडे कान लावून बसलो.

आता ते सांगतो.

आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. चार नंबर कॅम्पातली खोली, उन्हाळा. बायकोला पहिल्यांदा दिवस गेले होते आणि उलट्यांनी ती अर्धी झाली होती. आणि मग अशाच तिसऱ्याच्या शेवटी एका दिवसात उलट्या थांबल्या. ती जेवायला लागली. मला वाटलं, सुटली, धोका टळला. मी बाजारातून पेढे आणले आणि गल्लीत, कारखान्यात, सगळीकडे वाटले. शेजारची सिंधी अम्मा मला म्हणाली, "अभी मत बाँटो साईं, तीन महीने पूरे होने दो." मी म्हणालो, आमच्यात असलं काही मानत नाहीत, तू पेढा खा.

सहाव्या दिवशी दुपारी कारखान्याच्या दारात निरोप आला की घरी चला, बाईला बरं नाही. टेबलावर कापडाचे थर लावलेले, मशीन थरात अर्ध्यावर. अर्ध्यात सोडलं तर कापड सरकतं, सगळा माल वाया जातो. मी म्हणालो, एवढं पूर्ण करतो आणि येतो. अर्धा तास गेला. पोचलो तेव्हा अम्मानं तिला रिक्षात बसवलं होतं आणि मांडीखाली स्वतःच्या घरची चादर घातली होती. सरकारी दवाखान्यात नेलं. पिशवी साफ केली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. रडणं थांबेना. मला तिचं रडणं बघवत नव्हतं, हे खरं. पण मी बोललो ते असं: "अजून काय मूल झालं होतं का? रक्ताची गाठ ती. रडतेस कशाला?"

ती रडायची थांबली. लगेच. मला वाटलं, माझं बोलणं लागू पडलं.

त्यानंतर ती त्यावर एक शब्द बोलली नाही. तीन वर्षांनी पोरगा झाला. आयुष्य गेलं. कोणी विचारलं मुलं किती, तर ती एक श्वास घ्यायची आणि मग म्हणायची, एक मुलगा. तो श्वास मी चाळीस वर्षं ऐकला आणि कधी विचार केला नाही की एवढ्याशा उत्तराला श्वास कशाला लागतो.

मागच्या वर्षी तिला शेवटची ॲडमिट केली. औषधांनी तिला भ्रम व्हायचा, नर्सला पोराच्या मास्तरीणबाई समजायची, वार विचारला तर सांगता यायचा नाही. एक नवी डॉक्टर पोरगी फॉर्म घेऊन आली आणि एकेक विचारत गेली. बीपी कधीपासून, साखर आहे का. मग तिनं विचारलं, आजी, दिवस किती वेळा राहिले होते. बायको म्हणाली, "दोनदा. पहिलं उन्हाळ्यात गेलं. तिसऱ्याच्या शेवटी." एकदम स्वच्छ आवाजात. श्वासही न घेता. त्या पोरीनं लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं.

मी पाण्याची बाटली धरून शेजारी उभा होतो. बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, पाणी पिशील का. ती प्यायली. वीस दिवसांनी गेली.

म्हणून नळाचा आवाज थांबला तेव्हा मला त्या घरात बसवेना. पोराला फोन करून काय सांगायचं? तुझ्या बायकोची उलटी थांबली, लवकर ये? लोक हसतील. सुनेला विचारायचं तर कसं? आणि समजा तिला काहीच वाटत नसलं, तर माझ्या विचारण्यानं ती घाबरेल.

माझ्या डोक्यानं एक उपाय काढला. रविवारी ऑफिसला सुट्टी. मी सकाळी बाजारात जाऊन पावशेर सुकट आणली, ती बारीक वाळवलेली कोळंबी. घरात आलो, गॅलरीचं दार लावलं, स्वयंपाकघराची खिडकी लावली, तवा तापवला आणि सुकट भाजायला घेतली. वर भरपूर लसूण ठेचून. ज्यानं सुकट भाजली आहे त्याला तो वास माहीत आहे. चांगल्या माणसालाही तो सहन करायला छाती लागते. माझा हिशोब सरळ होता. पोरीला उलटी झाली म्हणजे आत सगळं ठीक आहे.

खिडकी लावूनही वास वर गेलाच. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांची खिडकी धाडकन लावली. त्या मांसमच्छी खात नाहीत आणि सुकट तर त्यांना शिवीसारखी वाटते. मी आणखी एक मूठ तव्यावर टाकली.

सून खोलीतून बाहेर आली. मी उलथणं धरून तिच्याकडे बघत राहिलो, कधी पळते म्हणून. ती तव्याजवळ आली, वाकली आणि म्हणाली, "सुकट? किती दिवसांनी." मग बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरीतली अर्धी मोडून घेतली. ती म्हणाली, काय बघताय बाबा, तुमच्या वाट्याची संपवली का? मी म्हणालो, नाही, खा तू.

माझ्या वाटची भाकरी मी डब्यात ठेवून दिली.

संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला मी कपडे काढायला गॅलरीत गेलो. सून तिथे पाठमोरी उभी होती. साबणाची ती पिशवी तिनं सोडली होती, आणि चंदनाचा साबण नाकाला लावून लांब श्वास घेत होती. एकदा घेतला, थांबली. पुन्हा घेतला. मी सकाळी तव्यापाशी जे करत होतो, तेच ती साबणानं करत होती.

तिला माझी चाहूल लागली.

"काही होतंय का?" मी विचारलं.

"नाही ना." साबण तिच्या हातातच होता. "सात दिवस झाले बाबा. काहीच होत नाही."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सुकट त्यासाठीच भाजलीत ना?"

मी म्हणालो, हो. ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. खाली बसली आणि ओढणी तोंडावर धरली. मी काही बोललो नाही. ह्या वेळी निदान एवढं कळलं होतं. बादली पालथी घालून तिच्यावर बसलो.

थोड्या वेळानं विचारलं, डॉक्टरला फोन का नाही केलास. ती म्हणाली, केला असता तर तिनं सांगितलं असतं. जे आहे ते कळलं असतं. मला ते उत्तर पटलं. मीही आठवडाभर तेच करत होतो. म्हणालो, उद्या दाखवून येऊ. ती म्हणाली, सोनोग्राफीची वेळ गुरुवारची घेतली आहे, हे बुधवारी येतायत, तेव्हा जाऊ. मी म्हणालो, तो येईल तेव्हा येईल. तू तोवर साबण हुंगत बसणार काय?

"आणि तिथे काही वाईट निघालं तर? मी एकटी काय करू?"

"एकटी कशी? मी काय भिंत आहे का?"

सोमवारी सकाळी रिक्षा केली, सरळ अंबरनाथ. रिक्षावाल्याला म्हणालो, गाडीत काच भरली आहे असं समज आणि चालव. त्यानं खरंच मनावर घेतलं. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला. सून म्हणाली, बाबा, पोचेपर्यंत नववा लागेल. ती चेष्टा करतेय म्हणून मला बरं वाटलं, पण तिच्या मांडीवरच्या फाइलीची कड तिनं बोटांनी चुरगाळून टाकली होती.

दवाखान्यात भिंतभर पाटी, इथे मुलगा की मुलगी सांगत नाहीत. खाली सगळ्या बायका आणि एखाद-दुसरा नवरा. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, पेशंटचे मिस्टर आलेत का. मी म्हणालो, तो गुजरातला, मी सासरा. दोघी-तिघी वळून बघायला लागल्या, एकीनं पदर तोंडाला लावला. बघू देत. सुनेला पाणी प्यायला लावलं, ओळखपत्र तपासलं, कागदांवर सह्या घेतल्या. मग तिला हाक आली. दारापाशी जाऊन ती एकदा मागे वळली आणि आत गेली. दार लागलं.

मी बसल्या जागी वाक्य मापायला लागलो. आत काही नसेल तर ती बाहेर आल्यावर तिला काय म्हणायचं? पुन्हा होईल म्हणावं? त्याला काय अर्थ आहे, हे तर गेलंच ना. तुझा दोष नाही म्हणावं? एकदा माप घेतलं, दोनदा घेतलं, एकही वाक्य बसेना. शेवटी ठरवलं, तोंड उघडायचंच नाही. तिच्या शेजारी बसायचं आणि ती उठेपर्यंत उठायचं नाही. ह्या वेळी कुठलं कापड टेबलावर नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला. टकटकटकटक, एकसारखा, भरधाव. मला वाटलं शेजारी कारखाना आहे आणि कोणीतरी पाय दाबून शिलाई मशीन सोडली आहे. आमच्याकडे पट्टीचे कारागीर सरळ शिवण अशी सोडायचे, मध्ये न थांबता. मी वळून भिंतीकडे बघितलं. पलीकडची बाई म्हणाली, "ठोके आहेत ते काका. बाळाचे."

मी म्हणालो, एवढे जोरात? ती म्हणाली, असंच असतं.

मी उठून उभा राहिलो. का ते माहीत नाही. उभा राहूनच पूर्ण ऐकलं. मग आवाज बंद झाला आणि मी बसलो.

नंतर डॉक्टरनं दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर. तिनं फोटो बघितले आणि सगळं वेळेप्रमाणे आहे म्हणाली. मग मला म्हणाली, "उलटी थांबली म्हणून धावत आलात? आजोबा, ती थांबायचीच. बारावा-तेरावा आठवडा आला की बहुतेक जणींची कमी होते. बाळाला पोसणारी वार तयार होऊन कामाला लागते, शरीराला सवय होते."

मग तिनं सुनेला पुढचं सांगितलं, तेही मी ऐकून घेतलं. भूक वाढेल, थकवा कमी होईल, ओटीपोटात थोडं ओढल्यासारखं होईल. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या आता सुरू. रक्ताची एक तपासणी आजच. आणि रक्त दिसलं किंवा पोटात जोरात दुखलं, तर वाट न बघता यायचं, फोन करायला घाबरायचं नाही. काहींची उलटी आणखी चालते, काहींना होतच नाही. उलटीवरून मूल मोजायचं नाही, असं ती म्हणाली.

ती पेन मिटत होती, तेव्हा मी विचारलं. घरून ठरवून नव्हतो आलो.

"आणि ज्यांची थांबते आणि मग आठवड्यात जातं, ते?"

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "जातं कधी कधी. पण ते कोणी काही केल्यामुळे नाही. बहुतेक वेळा सुरुवातीपासूनच गर्भ नीट धरलेला नसतो."

"कोणी आधीच पेढे वाटले म्हणून?"

"नाही हो."

"आणि निरोप आल्यावर माणूस अर्धा तास उशिरा पोचला तर?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "निरोप येतो तोवर व्हायचं ते झालेलं असतं, आजोबा. त्या बाईला सोबत मिळाली असती, एवढंच. मूल नसतं वाचलं." कुणाचं विचारताय, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, असंच.

एवढंच, असं ती म्हणाली. ते काही थोडं नव्हतं. पण मला खरं सांगितलं ह्याचं बरं वाटलं.

परतीच्या रिक्षात सून फाइलीची चुरगाळलेली कड बोटानं सरळ करत होती. मग म्हणाली, "तुम्ही असंच नाही विचारलंत."

मी बाहेर बघत राहिलो.

"आईंनी मला सांगितलंय बाबा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी. आम्ही वाल सोलत बसलो होतो."

"काय सांगितलं?"

"सगळं. उलटी थांबलेली, पेढे, अम्मा. म्हणून तर मी घाबरले. मला वाटलं तुम्हाला आठवत नसेल, तुम्हाला उगीच कशाला आठवण द्या."

एका घरात दोन माणसं आठवडाभर एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती आणि दोघांनाही ती सांगणारी एकच बाई होती, एकीला बोलून आणि एकाला न बोलून.

"मी तिला काय म्हणालो, तेही सांगितलं?"

"ते पण."

"रागानं?"

तिनं थोडा विचार केला. माझं मन राखायला खोटं बोलेल असं वाटलं, पण ती तशी नाही. म्हणाली, "राग होता. गेला नव्हता तो. पण म्हणाल्या, ह्यांच्या तोंडात कात्री आहे. आणि म्हणाल्या, त्यानंतर महिनाभर नळावरचं पाणी ह्यांनीच भरलं. गल्लीतल्या बायका हसायच्या, तरी मला हंडा उचलू दिला नाही."

मी आठवून बघितलं. मला पाणी भरल्याचं आठवत नाही. कापडाचे थर आठवतात, चादर आठवते, माझं वाक्य अक्षर न अक्षर आठवतं. पाणी आठवत नाही. पण ती म्हणाली असेल तर भरलं असेल. ती खोटं बोलणारी नव्हती. राग आणि हंडे तिनं दोन्ही ठेवले होते, मी फक्त वाक्य ठेवलं.

मी सुनेला म्हणालो, लिंबाएवढं होतं म्हणजे ते. बोटं आलेलं. ती म्हणाली, हो बाबा.

गेटपाशी उतरलो तर वरच्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन येत होत्या. कालच्या सुकटीमुळे त्या मला बघून दुसरीकडे वळल्या असत्या, पण सुनेच्या हातातली फाइल बघितली आणि थांबल्या. सगळं ठीक ना, म्हणाल्या. सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तीन महिने झाले होते, आता बोलायला हरकत नव्हती. तिनं सांगितलं.

बाईंचा चेहरा खुलला. मला म्हणाल्या, मग काल त्या वासाचं कारण कळलं, डोहाळे म्हणायचे. मी म्हणालो, तसंच समजा. त्या म्हणाल्या, "पहिलंच नातवंड ना तुमचं? तुम्हाला एकच मुलगा, नाही का?"

मी एक श्वास घेतला. घेताना मला कळलं, तो कुणाचा आहे.

"दोन," मी म्हणालो. "पहिलं तिसऱ्याच्या शेवटी गेलं. उन्हाळ्यात."

बाईंनी भाजीची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. सून जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली होती, ती वळून बघत नव्हती, नुसती थांबली होती. मी पोचल्यावर ती चढायला लागली. वर जाईपर्यंत दोनदा दम खाल्ला, एकदा तिनं, एकदा मी.

दार उघडल्यावर म्हणाली, भूक लागली आहे. मी लसूण सोलायला घेतला.